टेस्टिंगच्या एजंटला दिलेल्या टूलचे वर्णन किती सविस्तर असावे?

प्रश्न (हिंजवडी)

नमस्कार. रिग्रेशन टेस्टिंगसाठी, म्हणजे नव्या बदलाने जुने काही बिघडले नाही ना हे तपासण्यासाठी, आमच्या टीमने एक एआय एजंट (सांगितलेले काम टूल्स वापरून स्वतः करणारे मॉडेल) उभा केला आहे आणि मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलच्या (मॉडेलला बाहेरची टूल्स जोडण्याच्या पद्धतीच्या) सर्व्हरमार्फत त्याला अकरा टूल्स दिली आहेत. कोणते टूल केव्हा वापरायचे हे एजंट ज्यावरून ठरवतो, ते प्रत्येक टूलचे वर्णन डेव्हलपरांनी एका ओळीत उरकले आहे: ‘टेस्ट चालवते’, ‘लॉग आणते’, ‘डेटा पूर्ववत करते’. नवीन माणूस टीममध्ये आला तर अडेल तिथे शेजारच्या खुर्चीत विचारतो, म्हणून आजवर हे कुणाला खटकले नाही.

मागच्या गुरुवारी मी एजंटला फक्त पेमेंटच्या टेस्ट चालवायला सांगितले. आमच्या टेस्ट पायटेस्टमध्ये (पायथॉनच्या टेस्ट चालवणाऱ्या साधनात) आहेत. एजंटने नावाच्या फिल्टरमध्ये ‘पेमेंट’ हा शब्द दिला, परंतु आमच्याकडे त्या टेस्टच्या नावांत ‘चेकआउट’ असते. त्यामुळे एकही टेस्ट निवडली गेली नाही, टूलने ‘अपयशी: ०’ एवढेच उत्तर दिले आणि ‘पेमेंटच्या सर्व टेस्ट उत्तीर्ण’ असा अहवाल माझ्या मेलमध्ये येऊन पडला. मीही तो पुढे पाठवला, हे कबूल करायला हवे. शनिवारी ग्राहकाने बग कळवला.

लॉग (काय घडले त्याची नोंद) आणणारी दोन टूल्स आहेत, एक टेस्टचे आणि एक सर्व्हरचे, आणि त्यांतले चुकीचे उचलणे हेही रोजचेच झाले आहे. मॅनेजरांचे म्हणणे आहे की अधिक चांगले मॉडेल घ्यावे. मला मात्र शंका वर्णनांचीच येते. ती किती लांब असावीत, आणि त्यांत नेमके काय लिहावे?

उत्तर (कोथरूड)

मॉडेल बदलून हा दोष जाणार नाही, कारण ‘अपयशी: ०’ हे उत्तर वाचून तुम्हीसुद्धा फसलात. पायटेस्टमध्ये सर्व टेस्ट उत्तीर्ण झाल्या तर एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा) ० येतो, काही अपयशी ठरल्या तर १, आणि चालवण्यासाठी एकही टेस्ट मिळाली नाही तर ५. म्हणजे पायटेस्टने खरे तेच सांगितले होते. ते तुमच्या टूलने मध्येच गिळले. तेव्हा आधी उत्तर दुरुस्त करा, मग वर्णनाला हात घाला.

त्या टूलचे वर्णन मी असे लिहिले असते: “टेस्टच्या नावात दिलेला शब्द शोधून जुळणाऱ्या टेस्ट स्टेजिंगवर (चाचणीसाठीच्या सर्व्हरवर) चालवते. शब्द टेस्टच्या नावाशी जुळवला जातो, फीचरच्या नावाशी नाही. नावे माहीत नसतील तर आधी टेस्टची यादी देणारे टूल वापरावे. उत्तरात निवडलेल्या, उत्तीर्ण, अपयशी आणि वगळलेल्या टेस्टची संख्या वेगवेगळी येते. निवडलेली संख्या ० असेल तर काहीही तपासले गेलेले नाही. त्याला उत्तीर्ण म्हणू नये. टेस्टचा संपूर्ण संच चालवण्यासाठी हे टूल वापरू नये.” यातले पहिले वाक्य कुणीही लिहील. खरे काम उरलेली सहा करतात, कारण टूल कुठे फसवते हे ती सांगतात, आणि ते डेव्हलपरपेक्षा टेस्टरला अधिक ठाऊक असते. म्हणून वर्णने तुम्हीच लिहायला घ्या.

लॉगच्या टूल्सबद्दल एवढेच सांगतो, की पुण्याच्या पेठांमध्ये कुणाला ‘मारुतीपाशी या’ असे सांगून भागत नाही. जिलब्या, सोन्या, पत्र्या की भिकारदास, हे सांगावेच लागते. एकाच्या वर्णनात दुसऱ्याचे नाव घेऊन ‘अमुक हवे असेल तर ते वापरावे’ असे लिहा. मायक्रोसॉफ्टच्या प्लेराइट सर्व्हरमध्ये (जो एजंटला ब्राउझर चालवू देतो) स्क्रीनशॉट घेणाऱ्या टूलच्या वर्णनातच बजावले आहे की स्क्रीनशॉटच्या आधारे पानावर कृती करता येत नाही, त्यासाठी पानाची रचना मजकुरात देणारे स्नॅपशॉटचे टूल वापरावे.

उत्तर (विमाननगर)

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु वर्णनावर सगळाच भार टाकू नये. ही वर्णने सहसा प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये (ते एका वेळी वाचते त्या मजकुरात) जातात. अकरा टूल्सचे अकरा परिच्छेद झाले की त्याचे टोकन (मजकुराचे तुकडे, ज्यांवर खर्च ठरतो) मोजावे लागतात आणि महत्त्वाचे वाक्य गर्दीत हरवते. लॉगची दोन टूल्स एकत्र करून ‘स्रोत’ नावाचा एक पॅरामीटर ठेवा आणि स्कीमामध्ये (टूलला काय द्यायचे याच्या आराखड्यात) त्याची दोनच मान्य मूल्ये लिहून टाका, म्हणजे त्यावर गद्य लिहिण्याची गरजच उरणार नाही.

मला खरी धास्ती वाटते ती ‘डेटा पूर्ववत करते’ या टूलची. पूर्ववत म्हणजे कोणत्या क्षणापर्यंत, आणि कोणाचा डेटा? स्टेजिंग सर्वांचे सामाईक असेल तर तुमचा एजंट दुसऱ्या टीमचे दिवसभराचे काम एका कॉलमध्ये पुसून टाकेल. प्रोटोकॉलमध्ये टूल विध्वंसक आहे किंवा फक्त वाचणारे आहे हे कळवण्याची सोय आहे, परंतु तिचे नावच ‘हिंट’ आहे. ती सूचना आहे, कुलूप नव्हे. सर्व्हरच्या कोडमध्ये परवानगी तपासा आणि माणसाने होकार दिल्याशिवाय ते टूल चालू देऊ नका.

उत्तर (सिंहगड रस्ता)

एक छोटी भर घालतो. वर्णन बदलले की त्याचीही टेस्ट घ्या. टीममधले लोक प्रत्यक्षात ज्या भाषेत काम सांगतात, तशी वीसेक वाक्ये जमवा, प्रत्येकासाठी कोणते टूल आणि कोणते पॅरामीटर अपेक्षित आहेत ते लिहून ठेवा आणि प्रत्येक वाक्य चार-पाच वेळा चालवा, कारण एकदा बरोबर आलेले उत्तर पुन्हा तसेच येईल याची खात्री नसते. एका वेळी एकच वाक्य बदला. तारखेचा पॅरामीटर असेल तर वर्ष-महिना-दिवस हा क्रम वर्णनात लिहाच; ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च.

प्रश्नकर्ता (हिंजवडी)

सर्वांचे आभार. डेटा पूर्ववत करणारे टूल सध्या काढूनच टाकले आहे, कारण त्याची व्याप्ती नेमकी किती हे आमच्यापैकी कुणालाच खात्रीने सांगता आले नाही. लॉगची टूल्स एकत्र केली. टेस्ट चालवणाऱ्या टूलचे उत्तर आणि वर्णन दोन्ही बदलले.

आज दुपारी एजंटला मुद्दाम गुरुवारचेच वाक्य दिले. त्याने पुन्हा ‘पेमेंट’ हाच शब्द फिल्टरमध्ये घातला, वर्णनात लिहूनही. मात्र ‘निवडलेल्या टेस्ट: ०, काहीही तपासलेले नाही’ असे उत्तर येताच त्याने यादी मागवली आणि चेकआउटच्या चौदा टेस्ट चालवल्या. त्यांतल्या दोन अपयशी ठरल्या. एक शनिवारच्या बगची आहे, ज्याची दुरुस्ती अजून या बिल्डमध्ये आलेली नाही. दुसरीचा लॉग आता वाचतो आहे.