डीएम कार्डिओनंतर ईपी फेलोशिप करावी का? कुठे?

सोलापूरकर_डीएम३

नमस्कार मंडळी. सरकारी कॉलेजात डीएम कार्डिओलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या लॅबमध्ये ॲन्जिओ, ॲन्जिओप्लास्टी दिवसरात्र चालू, ईपी (हृदयाच्या ठोक्यांमागच्या विजेचा अभ्यास आणि उपचार) मात्र बाहेरून सर येतात तेव्हाच, म्हणजे महिन्यातून एखाद दिवस. मागच्या महिन्यात १९ वर्षांची एक मुलगी आली, तीन वर्षं अचानक धडधड सुरू व्हायची आणि अचानक थांबायची, सगळीकडे सांगितलेलं की टेन्शन घेते, ॲसिडिटी आहे. जुना ईसीजी फाईलमध्येच होता आणि त्यात डेल्टा वेव्ह (हृदयातल्या जन्मजात जादा विद्युतवाटेची खूण) ढळढळीत दिसत होती, कुणी बघितलीच नव्हती! सरांनी ती वाट जाळायला आरएफ (कॅथेटरच्या टोकातून दिलेली उष्णता) सुरू केलं आणि चार-पाच सेकंदांत डेल्टा गायब, पीआर लांबला, क्यूआरएस बारीक झाला, म्हणजे ईसीजी नॉर्मल. मी मॉनिटरसमोर नुसता उभा. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये.

पण वय ३२, एक वर्षाचा बाँड बाकी, घरचे म्हणतात अजून किती शिकणार, बॅचमेट म्हणतात ईपीत केसेस कुठे आहेत. भारतात करू की बाहेर जाऊ? एक वर्ष पुरतं का? कृपया खरं खरं सांगा.

हिस_जवळचा

डॉक्टर, करा. मी पुण्यात प्रॅक्टिस करतो, फेलोशिप दक्षिणेत केली. आपल्याकडे तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, वेल्लोरचं सीएमसी अशी जुनी, शिस्तीची ठिकाणं आहेत, मुंबईतही डॉ. यश लोखंडवालांसारख्यांनी ईसीजी आणि ईपी शिकवायची परंपरा उभी केलीय. नाव बघून मात्र अर्ज करू नका, तिथे सध्या जे फेलो आहेत त्यांना फोन करा आणि विचारा की स्टिम्युलेटरवर (हृदयाला बाहेरून ठोके देणारं यंत्र) कोण बसतं, कॅथेटर कुणाच्या हातात असतो, केस संपल्यावर सर सिग्नल परत उघडून बसतात का. माझी पहिली जागा चुकली होती. मोठं हॉस्पिटल, केसेस भरपूर, आणि मी सहा महिने कन्सेंट आणि डिस्चार्ज कार्ड लिहीत होतो. सोडलं, परत अर्ज केला, वर्ष गेलं, पण पश्चात्ताप नाही.

दुसऱ्या जागी पहिले तीन महिने कॅथेटरला हात लावू दिला नाही, स्टिम्युलेटरवर बसवलं. तेव्हा राग यायचा, आता कळतं. एव्हीएनआरटीचंच (एव्ही नोडमधल्या दोन वाटांत वीज गोल फिरून येणारी धडधड) घ्या, सगळ्यात कॉमन केस. त्यातल्या सावकाश वाटेवर, म्हणजे स्लो पाथवेवर, आरएफ द्यायला लागलं की जंक्शनल बीट्स (नोडजवळून उठणारे ठोके) येतात, ते हवेच असतात, जागा बरोबर असल्याची ती खूण. पण प्रत्येक बीटमागे ए (वरच्या कप्प्याचा सिग्नल) येतोय का ते डोळ्यात तेल घालून बघायचं, एक ए चुकला की त्याच क्षणी पाय पेडलवरून वर. हिस (वरून खाली वीज नेणारा मुख्य धागा) तिथून काही मिलिमीटरवर असतो. शंभरात एखाद्याला, चांगल्या हातात त्याहूनही कमी जणांना, ब्लॉक होतो, म्हणजे वीज खाली पोचत नाही, पण तो झाला तर पंचविशीतल्या पोरीला जन्माचा पेसमेकर. हे पुस्तकात वाचून येत नाही, कुणीतरी शेजारी उभं राहून "थांब!" म्हणून ओरडावं लागतं.

एक वर्षात एसव्हीटी (एव्हीएनआरटीसारख्या धडधडी) आणि पेसमेकर नीट येतात. एएफ (वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर), व्हीटीला (खालच्या कप्प्यांची धोकादायक जलद लय) दुसरं वर्ष हवंच.

मेपल_मराठी

मी ऑन्टारिओत आहे, दोन वर्षांची फेलोशिप संपत आली. अमेरिकेला सरळ मार्गाने जायचं तर पुन्हा इंटर्नल मेडिसिन ३, कार्डिओलॉजी ३, मग ईपी २, म्हणजे आपल्या वयाला अवघडच. म्हणून आपले बरेच जण कॅनडाला येतात, इथे डीएमवाल्याला शिकाऊ लायसन्सवर प्रत्यक्ष काम करता येतं. युरोपात जाताना मात्र नीट वाचा, काही जागा फक्त ऑब्झर्व्हरच्या असतात, सहा महिने काचेपलीकडून बघून याल. इथे अर्ज खूप आधी करावा लागतो, तेव्हा बाँडच्या वर्षातच सुरुवात करा.

आता एक मनापासून सांगते. फ्रान्समधल्या बोर्डोच्या डॉ. हाइसागेर यांनी १९९८ साली दाखवलं की एएफची ठिणगी बहुतेक वेळा पल्मनरी व्हेन्समधून (फुफ्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरा) पडते, तेव्हापासून इकडच्या लॅब एएफनेच भरल्यात, आणि आता पल्स्ड फील्ड (उष्णतेऐवजी विजेच्या क्षणिक झटक्यांनी पेशी मारणं) आल्यापासून त्या केसेस इतक्या पटापट होतात की फेलो दोनशे एएफ करेल पण एखादी अवघड एसव्हीटी समोर आली तर पेसिंग मॅन्युव्हर (ठोके देऊन निदान करायच्या युक्त्या) आठवणार नाहीत. मी भारतात आधी वर्षभर शिकून आले होते म्हणून तरले. माझं मत विचाराल तर आधी इथलं म्हणजे आपल्या देशातलं एक वर्ष, मग बाहेर.

लॅबमधला_दादा

मी डॉक्टर नाही, कॅथलॅब टेक्निशियन आहे, नाशिक, २० वर्षं झाली. लहान तोंडी मोठा घास घेतो, पण सर, डिव्हाइस क्लिनिक सोडू नका. फेलो लोक ॲब्लेशनच्या (जाळून उपचार करण्याच्या) मागे असतात आणि प्रोग्रामर (पेसमेकर-आयसीडीची सेटिंग बदलायचं मशीन) कंपनीच्या माणसावर सोडून देतात. आमच्याकडे एक आजोबा यायचे, धुळ्याकडचे, आयसीडी (धोकादायक लय आली की आतून शॉक देणारं यंत्र) बसवलेली, घरी जेवताना तीन शॉक बसले, नुसत्या फास्ट एएफला मशीन व्हीटी समजलं होतं. कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी पोचणार होता, आजोबा रात्रभर खुर्चीत बसून, झोपलो तर परत बसेल म्हणून. शेवटी फोनवर विचारून आयसीडीवर मॅग्नेट ठेवला, त्याने शॉक थांबतात, आणि मॉनिटरवर नजर ठेवून बसलो. ज्याला प्रोग्रामर चालवता येतो असा एक डॉक्टर जिल्ह्यात असता तर पंधरा मिनिटांचं काम होतं. केसेस कुठे आहेत म्हणतात, केसेस गावोगावी आहेत, ओळखणारं कुणी नाही.

सोलापूरकर_डीएम३

सगळ्यांचे खूप आभार. दादा, लहान तोंड वगैरे काही नाही, तुमचा मेसेज आईला वाचून दाखवला. ती म्हणाली मग सोलापुरात परत येशील ना, येईन म्हटलं. हिस_जवळचा सर, तुम्हाला व्यनि केलाय, फेलोंचे नंबर मिळाले तर उद्याच फोन करतो.