बिनशिंगी हरणांचे परवाने: रांग बरी की सोडत?

रानवाट

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात बिनशिंगी, म्हणजे मुख्यतः मादी, हरणांच्या शिकारीचे परवाने २०२३ पासून ऑनलाइन आणि परवाना विकणाऱ्या दुकानांत मिळतात. आधी येईल त्याला आधी. ज्या युनिटांत परवाने थोडे आणि मागणारे फार, तिथे ही रांग बंद करून सोडत काढावी, असं माझं ठाम मत आहे.

थोडी पार्श्वभूमी. राज्याचे वीसहून अधिक वन्यजीव विभाग आहेत, त्यांना युनिट म्हणतात: १ए, २जी, ५सी वगैरे. दरवर्षी गेम कमिशन, म्हणजे राज्याचं वन्यजीव खातं, प्रत्येक युनिटाचा कोटा ठरवतं. राज्यातल्या रहिवाशाला एक परवाना ६.९७ डॉलरला पडतो, बाहेरच्याला २६.९७ डॉलरला. साधा शिकार परवाना आधी काढावा लागतो, तो वेगळा. २०२३ च्या आधी अर्ज गुलाबी पाकिटातून काउंटी ट्रेझररकडे (जिल्ह्याच्या खजिनदाराकडे) टपालाने जायचे, एका पाकिटात जास्तीत जास्त तीन. चेकवरची रक्कम चुकली, सही राहिली, तर अर्ज परत यायचा आणि तोवर कोटा संपलेला असायचा. त्यामुळे ऑनलाइन होणं चांगलंच झालं. पण सोमवारी, २६ जून २०२३ ला, विक्रीच्या पहिल्याच दिवशी, सगळं राज्य एकदम तुटून पडलं. वेबसाइटवर तासन्‌तास ताटकळणं, दुकानांबाहेर रांगा. ज्याची सोमवारी सकाळची पाळी असते, तो कामगार या पद्धतीत हरणारच.

खडकपाणी

असहमत. अडचण सगळ्या राज्याची नाही. १बी, २जी, ३ए आणि ३डी या चार युनिटांवर उड्या पडतात. उलट पिट्सबर्गभोवतीचं २बी किंवा फिलाडेल्फियाजवळची ५सी, ५डी बघा, तिथे परवाने उशिरापर्यंत शिल्लक असतात. म्हणूनच २०२४ मध्ये विक्री विभागली: त्या चार युनिटांची सोमवारी सकाळी ८ पासून, बाकीच्यांची गुरुवारी. बाहेरच्या राज्यातल्यांची पाळी त्यानंतर जवळजवळ दोन आठवड्यांनी. पहिल्या फेरीत माणशी एकच परवाना, पुढच्या फेऱ्यांत आणखी, आणि हातात एका वेळी सहापेक्षा जास्त नाहीत. इतकं असताना सोडत कशाला?

ठिपका

एक मूलभूत शंका. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. मग मुद्दाम मादी मारायचे परवाने का? नर पुरेसे नाहीत का?

रानवाट

@ठिपका, शंका रास्त आहे. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे नर कितीही मारले तरी पुढच्या वर्षीची पाडसं फारशी कमी होत नाहीत. कळप वाढतो की घटतो हे माद्यांच्या संख्येवर ठरतं. हरणं फार झाली की जंगलातली ओक, मेपलची रोपं कोवळी असतानाच खाल्ली जातात, आणि म्हातारी झाडं पडल्यावर जागा घ्यायला काही उरत नाही. म्हणून कोटा ठरवताना कळपाच्या संख्येचा कल, जंगलाची नवी उगवण आणि २०१२ मध्ये राज्यात सापडलेला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा जीवघेणा रोग, हे सगळं बघतात.

बिनशिंगी म्हणजे फक्त मादी नव्हे, हेही लक्षात घ्या. नियमाने ज्याची दोन्ही शिंगं ३ इंचांपेक्षा कमी आहेत ते हरीण बिनशिंगी. त्यामुळे त्या वर्षीची नर पाडसंही याच परवान्यावर मारली जातात. कोट्याचं गणित करताना तोही भाग धरावा लागतो.

खडकपाणी

गणिताचा विषय निघालाच आहे, तर सोडतीला माझा खरा विरोध तिथेच आहे. परवाने म्हणजे हरणं नव्हेत. ढोबळमानाने चार परवान्यांमागे एक हरीण मिळतं. २०२४-२५ साठी ११,८६,००० परवाने मंजूर झाले आणि बिनशिंगी शिकारीचा अंदाज ३ लाखांच्या आसपास आला. समजा एखाद्या युनिटात ८,००० हरणं कमी करायची आहेत, तर ३२,००० परवाने काढावे लागतात. सोडतीत लोक 'नाव टाकून ठेवू' म्हणून अर्ज करतात. ते जिंकले आणि जंगलात गेलेच नाहीत, तर प्रमाण चारास एकवरून पाचास एकवर घसरतं. मग तेवढ्याच ८,००० साठी ४०,००० परवाने. जो सोमवारी सकाळी ८ ला बसून परवाना घेतो, तो शिकारीला जाणारा माणूस असतो. रांग आपोआप गाळणी लावते.

उत्तरध्रुव

अमेरिकेतल्याच मेन राज्याचा अनुभव इथे कामाचा आहे. तिथे मादी मारायच्या परवान्यांसाठी १९८६ पासून सोडत आहे. कित्येक वर्षं परवाना फुकट होता, आणि त्यावर मादी मारली तर त्या हंगामात नर मारायचा हक्क गेला. त्यामुळे परवाना खिशात असूनही बरेच जण नराचीच वाट बघत बसायचे आणि माद्यांचा आकडा गाठायला भरमसाट परवाने वाटावे लागायचे. खडकपाणी म्हणतात तो दोष तिथे अगदी उघड दिसत होता.

पण २०२२ मध्ये त्यांनी दोन गोष्टी बदलल्या. निवड झाल्यावर परवाना १२ डॉलर भरून घ्यायचा, आणि त्यावर मारलेली मादी नराव्यतिरिक्त धरायची. पैसे भरले नाहीत तर तो परवाना उरलेल्यांत जाऊन विकला जातो. म्हणजे दोष सोडतीचा नव्हता, फुकटेपणाचा होता. जमीनमालकांसाठीही तिथे वाटा राखलेला आहे: किमान २५ एकर सलग जमीन, आणि ती इतरांना शिकारीसाठी खुली हवी. ही अट मला फार आवडते. हरणं पिकं खातात म्हणून तक्रार करायची आणि जमिनीवर मात्र 'प्रवेश बंद' लावायचा, हे दोन्ही एकदम चालू नये.

खडकपाणी

जमीनमालकांची सोय पेनसिल्व्हेनियातही आहे, डीमॅप नावाने. लागवडीखालच्या दर ५ एकरांमागे एक परवाना, इतर जमिनीवर दर ५० एकरांमागे एक. हे परवाने युनिटाच्या कोट्यातून वजा होत नाहीत, फक्त त्या नकाशातल्या तुकड्यावरच चालतात. सरकारी जंगलांचे कितीतरी तुकडे यात असतात. २जी चा परवाना हुकला तर आधी डीमॅपचा नकाशा बघा. तुकड्याची हद्द मात्र नीट पाहून जा, रस्ता ओलांडला की परवाना निरुपयोगी.

रानवाट

डीमॅपची माहिती उपयोगी आहे, पण तो रांगेला पर्याय नाही. सोमवार-गुरुवार विभागणीने सर्व्हरचा भार कमी झाला, न्यायाचा प्रश्न तसाच राहिला. चार युनिटांत जो मोकळा आहे त्याला आधी मिळतं. 'शिकारीला जाणारा माणूस' ओळखायला रांगच लागते, हेही पटत नाही. म्हाडाच्या सोडतीत अनामत रक्कम आधी भरावी लागते, तसंच इथे ६.९७ डॉलर अर्जाबरोबरच घ्या. हौशे-गवशे तिथेच गळतील. दोन आठवडे अर्ज खुले ठेवा, चार जणांच्या गटाला एकत्र अर्ज करू द्या, म्हणजे एकाच कॅम्पवर जाणाऱ्यांची फाटाफूट होणार नाही. ही चार सोडून बाकीची १८-२० युनिटं आहे तशीच चालू द्या.

उत्तरध्रुव

गटाचा मुद्दा योग्य, पण गट म्हणजे एकच चिठ्ठी असं धरा. प्रत्येकाची वेगळी चिठ्ठी टाकून एकाची निघाली की सगळ्यांना परवाना, असं केलंत तर मोठे गट लहानांना खाऊन टाकतील. आणि हरलेल्यांना पुढच्या वर्षीची शक्यता वाढवणारे बोनस गुण देणार का? पेनसिल्व्हेनियातच एल्कच्या (मोठ्या हरणाच्या एका जातीच्या) सोडतीत ते आहेत. वर्षानुवर्षं गुण साठवलेल्यांपुढे नवख्याची शक्यता घटत जाते. हरणांसाठी ते नको.

खडकपाणी

बोनस गुण नकोत, यावर तरी आपलं एकमत. पैसे आधी घेण्यावर नाही. हरलेल्या प्रत्येकाला ६.९७ डॉलर परत करायचे म्हणजे व्यवहारामागे बँकेचं शुल्क दोनदा. इतक्या स्वस्त परवान्यात ते परवडत नाही. त्यापेक्षा मेनसारखं निवड झाल्यावर भरायला लावा आणि मुदत सात दिवसांची ठेवा. तेवढं मान्य असेल तर एकट्या २जी मध्ये एक वर्ष सोडत काढून बघायला माझी हरकत नाही. आधी तिथलं चारास एकचं प्रमाण टिकतंय का ते दिसू दे.