अनुभव धागा : इर्मा-मारियानंतरचं रोजचं जगणं

६ सप्टेंबर २०१७ला इर्मा हे चक्रीवादळ कॅरिबियनमधल्या सेंट मार्टेन बेटावरून गेलं. वारा ताशी सुमारे २९५ किमी. त्या वादळाबद्दल पुष्कळ लिहून झालंय. पाणी, वीज, नोकरी पुन्हा कशी सुरू झाली, ते मात्र तिथे राहिलेल्यांनी सांगायला हवं. सविस्तर लिहा.

कोल बे
आधी पाणी आठवतं. इथे नदी नाही. नळाला येतं ते समुद्राचं पाणी गोडं करून, त्याला वीज लागते, आणि विजेचे खांब आडवे झालेले. बऱ्याच घरांखाली काँक्रीटची टाकी असते, छपरावरचा पाऊस तिच्यात साठतो. आमचे पत्रेच उडाले, टाकीत सगळी घाण. शेजारच्या हैतीच्या आजींनी त्यांची दोरी-बादली आमच्या हातात दिली, "रोज न्या" म्हणाल्या. त्यांच्याकडेही भरपूर नव्हतं. भांडी विसळलेलं पाणी आम्ही संडासाला वापरायचो. लाईट आली तेव्हा सगळ्यांत आधी पंप लावला.

फिलिप्सबर्ग, फ्रंट स्ट्रीट
मी दागिन्यांच्या दुकानात होतो. काचा फुटल्या, मग लूट, मग संचारबंदी. दुकान आवरूनही उपयोग नव्हता, कारण इथलं गिऱ्हाईक जहाजातून उतरतं. डिसेंबरात क्रूझ परत येईपर्यंत अर्ध्या पगारावर काढलं. माझ्यासोबतच्या काहींना थेट भारतात परत पाठवलं. कामाचा परवाना मालकामार्फत असतो, त्यामुळे नोकरी गेली की राहणंही गेलं. याचा मला अजून राग येतो.

माहो
विमानतळाची इमारत मोडली होती. ऑक्टोबरात विमानं सुरू झाली तेव्हा चेक-इन तंबूत. तरी विमान उतरताना पाहून रडू आलं.

पोर्ट्समथ, डॉमिनिका
आमच्या बेटावर १८ सप्टेंबरला मारिया हे दुसरं चक्रीवादळ आलं. सकाळी डोंगर तपकिरी, झाडांवर पान नाही. मी तिथे मेडिकलला होते. आमचे वर्ग सेंट किट्सला जहाजावर भरले, पुढे कॉलेज कायमचं बार्बाडोसला गेलं. आमचं शिक्षण वाचलं. पण अख्खं पोर्ट्समथ आमच्या भाड्यावर आणि जेवणावर चालायचं! माझ्या घरमालकीणबाईंनी विद्यार्थ्यांसाठी कर्ज काढून खोल्या वाढवल्या होत्या. छप्पर पुन्हा बसलं, भाडेकरू मात्र आले नाहीत. हप्ते चालूच. नंतर फोन केला तर त्यांनी माझ्याच परीक्षेची चौकशी केली.

धागाकर्ता
कर्ज आणि विम्याबद्दल आणखी लिहा. पैसे कधी मिळाले, कागद काय मागितले, सगळं. पुढच्या वादळांच्या मोसमाआधी इथे राहणाऱ्यांना ते उपयोगी पडेल.