पब्लिक वायफायवर पेमेंट करायला एवढं घाबरायचं कशाला?

रानवारा:
"बाहेरच्या वायफायवर बँकेचं ॲप उघडू नका" हा सल्ला अजून फिरतोय, माझ्या मते तो आता जुना झालाय. २०१० ला फायरशीप नावाचं ब्राउझरला जोडायचं एक्स्टेन्शन आलं तेव्हा भीती खरी होती, कारण बऱ्याच साइट फक्त लॉगिनचं पान एन्क्रिप्ट करायच्या (दुसऱ्याला वाचता येणार नाही असं) आणि पुढे कुकी, म्हणजे लॉगिन झाल्याची खूण, उघडीच हवेतून जायची, ती उचलली की शेजारी बसलेला माणूस पासवर्डशिवाय तुमच्या अकाउंटमध्ये. आता पेमेंटची पानं एचटीटीपीएसवर, म्हणजे पूर्ण एन्क्रिप्ट केलेली, असतात. वायफायवाल्याला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते कळेल फारतर, कार्ड नंबर नाही. लोक वायफायला घाबरतात आणि तिकडे फोनवर कुणालाही ओटीपी सांगून टाकतात, याचं जास्त वाईट वाटतं.

जुनीचावी:
अजिबात पटलं नाही. एन्क्रिप्शन फोडायची गरजच काय? त्याच नावाचं दुसरं वायफाय चालू करायचं, फोन आपोआप जोडला जातो आणि लॉगिनचं पान येतं. माझ्या आत्येभावाला असंच पान आलं, "फक्त व्हेरिफिकेशनसाठी" कार्ड मागितलं, घाईत होता, भरलं त्याने. दोन तासांत तीन व्यवहार. कार्ड ब्लॉक केलं पण गेलेले पैसे मिळवायला त्याला किती फेऱ्या माराव्या लागल्या ते मी पाहिलंय.

रानवारा:
आत्येभावाचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. पण ताई, ही फिशिंगची, म्हणजे खोटं पान दाखवून माहिती काढायची, चोरी झाली ना, तेच पान एसएमएसमधल्या लिंकवरूनही आलं असतं.

जुनीचावी:
आलं असतं, पण एसएमएसवर त्याने संशय घेतला असता. वायफायला जोडल्यावर पान येणारच हे आपण धरूनच चालतो, तिथेच माणूस फसतो. तुम्ही "घाबरू नका" म्हणता आणि ऐकणारा नेमका तिथेच ढिला पडतो.

कोडकर:
दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे पण ॲपचं कुणीच बोललं नाही. ब्राउझरमध्ये साइटचं सर्टिफिकेट (ती खरी असल्याचा दाखला) चुकलं की लाल पान येतं, ॲपमध्ये ते तपासलं जातंय की नाही हे आपल्याला दिसतच नाही. २०१२ ला संशोधकांनी १३,५०० फुकट अँड्रॉइड ॲप तपासली तेव्हा १,०७४ मध्ये ॲप आणि सर्व्हरच्या मधल्या माणसाला घुसता येईल असा कोड सापडला होता. त्यानंतर खूप सुधारलंय, अँड्रॉइड ७ पासून बाहेरून टाकलेल्या सर्टिफिकेटवर ॲप आपणहून विश्वास ठेवत नाहीत, पण जुना फोन आणि वर्षानुवर्षं अपडेट न केलेलं ॲप असेल तर मी बाहेरच्या वायफायवर पैसे पाठवणार नाही, मोबाइल डेटा चालू करायला किती वेळ लागतो? आणि व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्या कंपनीमार्फत एन्क्रिप्ट करून नेणारी सेवा) घ्या म्हणून कुणी सुचवायच्या आधीच सांगतो, त्याने वायफायवाल्याऐवजी व्हीपीएनवाल्यावर विश्वास टाकायचा एवढाच फरक, फुकटातलं तर नकोच.

पायवाट:
मला वाटतं नेटवर्कपेक्षा कुलूप बदला. पासकी (पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली) ज्या साइटसाठी बनवली त्याच डोमेनवर, म्हणजे त्याच पत्त्यावर, चालते, बनावट पान कितीही हुबेहूब असलं तरी तिथे ती निघतच नाही. ओटीपी मात्र आपण आपल्या हाताने चोराच्या पानावर टाइप करतो आणि तो त्याच मिनिटाला खऱ्या साइटवर वापरतो. जिथे पासकी मिळते तिथे आजच चालू करा. आणि बाहेर वापरायच्या कार्डाची मर्यादा कमी ठेवा, प्रत्येक व्यवहाराचा अलर्ट चालू ठेवा.

जुनीचावी:
पासकी चांगलीच, पण कार्ड नंबर मागणाऱ्या खोट्या पानापुढे ती काय करणार?

रानवारा:
हे मान्य, वायफायच्या पानावर कार्ड कधीच भरायचं नाही हे मी आधीच लिहायला हवं होतं. एचटीटीपीएसबद्दलचं मत मात्र तेच आहे. तुमचं वाचून आईच्या फोनमधलं ऑटो-कनेक्ट बंद करायला घेतलं तर सेव्ह केलेल्या नेटवर्कची यादी संपेचना, त्यातली निम्मी बिनपासवर्डची. एकेक काढतोय.