घारीची जखम भरली, तरी तिला सोडत का नाहीत?

गोरेगावकर
संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीतल्या गुलमोहरावर मांजात अडकून लोंबकळणारी घार अग्निशमन दलाच्या जवानांनी उतरवली आणि आम्ही ती खोक्यातून पक्ष्यांच्या उपचार केंद्रात पोहोचवली. उजव्या पंखाची पुढची कड कापली गेली होती. आता टाके निघाले आहेत, जखम कोरडी आहे, ती नीट खाते आणि कोणी जवळ गेले की पंजे उगारते, असे केंद्रातूनच कळते. मात्र सोडण्याविषयी विचारले की "अजून वेळ आहे" एवढेच उत्तर मिळते. सध्या विणीचा हंगाम असल्याने तिचे घरटे कुठेतरी असेल, या विचाराने चैन पडत नाही. यामागे खरोखर काही कारण असते का? तिला आमच्या ताब्यात देऊन आमच्याच गच्चीवरून सोडता येईल का?

पाणथळ
मी अशा केंद्रात स्वयंसेवक म्हणून जातो. आपण सांगितलेली जखम मांजाच्या जखमांमध्ये नेहमीची आणि फसवी आहे. खांद्यापासून मनगटापर्यंत त्वचेचा एक पातळ पडदा असतो आणि त्याच्या कडेतून कंडरा, म्हणजे स्नायूला जोडलेली चिवट दोरी, जाते. पंख उघडल्यावर हा पडदा ताठ राहिला, तरच हवा पेलली जाते. टाक्यांच्या जागी धरलेला वण आखडला की पंख पूर्ण उलगडत नाही. पिंजऱ्यात बसलेल्या घारीकडे पाहून हे मुळीच कळत नाही, कारण मिटलेले दोन्ही पंख सारखेच दिसतात.

म्हणून तिला आधी लांब, उंच पिंजऱ्यात सोडून या टोकाकडून त्या टोकाला उडायला लावतात. मधेच उंची गमावते का, वळताना एका अंगाला झुकते का, बसल्यावर चोच उघडी ठेवून धापा टाकते का, हे रोज पाहिले जाते. देवनारच्या कचराभूमीवर किंवा ससून डॉकवर घारींच्या गर्दीत झडप घालायची, पंजात आलेला तुकडा उडता उडताच खायचा आणि त्याच वेळी पाठीमागे लागलेले कावळे चुकवायचे, हे अर्ध्या ताकदीच्या पंखाला जमत नाही. अशी घार सोडली तर ती आपल्या डोळ्यांसमोर झकास उडून जाईल आणि नंतर उपाशी मरेल. फक्त ते आपल्याला दिसणार नाही.

घरट्याचे म्हणाल, तर नर आणि मादी दोघेही पिल्ले सांभाळतात. एकट्याने निभावेलच, अशी खात्री मात्र देता येत नाही.

पशुवैद्य_ठाणे
वरील उत्तराशी सहमत आहे. पिसांचाही विचार करावा लागतो. मुळासकट उपटलेले पीस लवकर पुन्हा येते. मधेच तुटलेले मात्र पुढच्या पीसगळतीपर्यंत तसेच राहते. घार आपल्या दुभंगलेल्या शेपटीचा सुकाणूसारखा वापर करते, त्यामुळे जाळीवर आपटून तिथली पिसे मोडली तर मुक्काम आणखी लांबतो. कधी कधी गळलेले जुने पीस बारीक काडी घालून तुटलेल्या देठाला जोडतात. काम नाजूक आहे, पण उपयोग होतो.

ताब्याविषयी: वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार वन्य पक्षी खाजगी व्यक्तीला ठेवता येत नाही, त्यामुळे केंद्र तो आपल्याला देऊ शकत नाही. सोडताना हजर राहता येईल का, एवढे अवश्य विचारावे. पुन्हा असा पक्षी आढळला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे, अंधाऱ्या, हवेशीर खोक्यात ठेवावे आणि चोचीत पाणी ओतू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असल्याने पाणी थेट फुप्फुसात जाते.

गोरेगावकर
मनःपूर्वक आभार. मग सोडण्यासाठी आमचा परिसर योग्य ठरेल का?

पाणथळ
सापडलेल्या ठिकाणाजवळच, सकाळी, आकाश मोकळे असताना सोडणे उत्तम. तिला तिथल्या बसायच्या जागा ठाऊक असतात. परंतु त्या गुलमोहरावर मांजा अजून असेल, तर आधी तो काढावा. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी तो विकला जातोच, आणि एकदा फांदीत गुंतला की पावसाळ्यातही कुजत नाही. उंचावरच्या फांद्यांसाठी स्वतः चढू नये. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा.