उन्हात राहिलेल्या बरणीतले डॅफ्निया का मेले?

बरणीवाला:
दोन लिटरच्या बरणीत दोन महिने डॅफ्निया (गोड्या पाण्यातले इवलेसे कवचधारी जीव) छान वाढत होते. परवा बरणी खिडकीत राहिली. संध्याकाळी पाण्याचं तापमान ३४ अंश सेल्सिअस होतं, तरी बरेच जण पोहत होते. सकाळी पाहतो तर तळाशी पांढरा थर. फार वाईट वाटलं. ३४ म्हणजे आपल्या अंगापेक्षाही कमी. आणि पाणी निवल्यावर रात्री का मेले?

शेवाळप्रेमी:
उष्णतेनं प्रथिनं बिघडतात. अंडं उकडतं तसं.

थेंबभर_पाणी:
अंड्याचं उदाहरण इथे नको. पांढरं घट्ट व्हायलाच ६० अंशांच्या वर जावं लागतं. ३४ ला नाजूक विकरं (एन्झाइम्स) आणि पेशींची पटलं ढिली पडू लागतात हे खरं, पण तुमच्या बरणीत मला मुख्य संशय प्राणवायूचा आहे.

२० अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० ला साडेसात. घट फार वाटत नाही ना? पण या जिवांचं शरीर पाण्याइतकंच तापतं, आणि दर १० अंशांमागे त्यांची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. मी सूक्ष्मदर्शकाखाली कितीदा पाहिलंय: दिव्यानं काचपट्टीवरचा थेंब तापला की पारदर्शक पाठीतलं ते इवलंसं हृदय इतकं धडधडतं की ठोके मोजता येत नाहीत. पाहवत नाही, मी लगेच दिवा बंद करते.

रात्रीचं कारणही तेच. दिवसा शेवाळ प्राणवायू देतं, अंधारात तेही घेऊ लागतं. त्यात पहिले मेलेले कुजवणारे जिवाणू. पहाटेपर्यंत काही उरत नाही. मेलेल्यांत काही लालसर होते का?

बरणीवाला:
हो! आदल्या दिवशीच गुलाबी झाक होती. मला वाटलं खाणं मानवलं.

थेंबभर_पाणी:
ते हिमोग्लोबिन. प्राणवायू कमी पडला की डॅफ्निया ते जास्त बनवतात, पण त्याला काही दिवस लागतात. म्हणजे कमतरता आधीपासूनच होती, उन्हानं फक्त कडेलोट केला. गर्दी फार झाली होती का?

बरणी मात्र धुऊ नका. भिंगातून गाळ बघा. खोगिराच्या आकाराचे काळपट कण दिसले तर ती सुप्त अंडी आहेत, कठीण काळासाठीच घातलेली. ती वेगळी काढा, २० अंशांच्या आसपासच्या क्लोरीन नसलेल्या पाण्यात, उजेडात पण थेट ऊन लागणार नाही अशी ठेवा.

बरणीवाला:
सात सापडले. पसरट भांड्यात ठेवलेत.