मदत हवी आहे: किंग जेम्समधली वचने नव्या बायबलात का नाहीत?

आई आणि मी रोज संध्याकाळी इंग्रजी बायबल वाचतो. तिचे १६११ चे किंग जेम्स भाषांतर, माझे १९७८ चे न्यू इंटरनॅशनल. काल योहान ५ वाचताना मी तिसऱ्या वचनावरून थेट पाचव्यावर गेले. देवदूत पाणी हलवतो ते चौथे वचन माझ्याकडे फक्त तळटिपेत! प्रेषितांची कृत्ये ८:३७ चेही तेच. आई फार दुखावली. "देवाचं वचन गाळायचा अधिकार यांना कोणी दिला?"

जुने भाषांतर सोळाव्या शतकातला विद्वान इरॅस्मस याच्यापासून चालत आलेल्या ग्रीक संहितेवर (मूळ ग्रीक मजकुरावर) आधारलेले, नवे मात्र चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन हस्तलिखितांना जास्त वजन देते, एवढे मला कळले. पण वचन नंतर जोडले गेले हे अभ्यासक कशावरून ठरवतात? आईची श्रद्धा न दुखावता, तिला पटेल असे कोणी समजावून सांगाल का?